कानसेनचा कान

गाता येत नाही पण गाणं कळतं, अशा माणसाला आपण गमतीने कानसेन म्हणतो. ह्या माणसाला ते नाव गमतीने पडलं नव्हतं. गिटार त्याने आयुष्यात कधी धड वाजवली नाही. दुरुस्त केलेला अ‍ॅम्प तपासायला लागतात तेवढे तीन सूर त्याला येत, आणि तेही तो असे काढायचा की शेजारच्या लाँड्रीवाल्याने एकदा दारात येऊन विचारलं होतं, "अजून बिघडलेलाच आहे का?" पण ऐकायला बसला की शहरातले सगळे गिटारवाले गप्प उभे राहत. डॉक्टरने छातीला नळी लावल्यावर पेशंटने राहावं तसे.

दुकान एका जुन्या इमारतीच्या तळघरात होतं. खिडकी फुटपाथच्या पातळीवर, त्यामुळे गिऱ्हाईक यायच्या आधी त्याचे बूट दिसत. बुटांवरून माणूस ओळखून कानसेन दार वाजायच्या आत केटलीचं बटण दाबायचा. आत एक लांब टेबल, त्यावर सोल्डरिंगचे डाग देताना पडलेले काळे ठिपके, स्क्रूंनी भरलेल्या जॅमच्या बाटल्या, आवाजाची थरथर रेषेने दाखवणारा हिरव्या पडद्याचा एक स्कोप, आणि तापलेल्या धुळीचा वास. हा वास त्याच्या बायकोला त्याच्या शर्टांतून कधीच घालवता आला नाही.

इलेक्ट्रिक गिटार स्वतः जेमतेम कुजबुजते. तिला आवाज मिळतो तो अ‍ॅम्पमधून. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असतात, पूर्वीच्या रेडिओत असायचे तसे. ते तापायला वेळ घेतात, नारिंगी उजेड देतात, आणि म्हातारे झाले की कुरकुरतात. असा अ‍ॅम्प उचलायचा म्हणजे दोन माणसं लागतात आणि त्यातलं एक दुसऱ्या दिवशी झोपून राहतं. कानसेन त्याचं मागचं झाकण काढायचा, अ‍ॅम्प चालू ठेवायचा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हला हळूच ठोकायचा. मान तिरकी, डोळे मिटलेले. "हा नाही. हाही नाही. हा." मग तो व्हॉल्व्ह निघायचा. स्कोप आणि मीटर नंतर, आधी कान. एखाद्याने उगाच अ‍ॅम्पच्या नावाने खडे फोडले तर तो झाकण परत लावून म्हणायचा, "नाचता येईना अंगण वाकडं. ह्याला काही झालेलं नाही. घरी जा, बोटं चालव."

मग डबा आला.

डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढंच यंत्र. त्यात व्हॉल्व्ह नाही, तापणं नाही, कुरकुर नाही. खऱ्या अ‍ॅम्पला तो जोडायचा. डबा अ‍ॅम्पमध्ये शिट्ट्या आणि खरखर सोडतो, अ‍ॅम्प त्यावर काय बोलतो ते ऐकून ठेवतो, आणि पुढे जन्मभर हुबेहूब तसाच बोलतो. असे शंभर अ‍ॅम्प एका डब्यात मावतात. कानसेनने पहिल्यांदा पाहिला तेव्हा हातात घेऊन वजन केलं आणि परत दिला. "दुधाची तहान ताकावर भागवायची असेल तर भागवा," तो म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही."

म्हणणं होतं. एकेक गिऱ्हाईक कमी होत गेलं तसं ते वाढत गेलं. एकाची पाठ गेली. एकाला चौथ्या मजल्यावर घर मिळालं. एकाच्या शेजाऱ्यांनी पोलिसांत जायची धमकी दिली. सगळ्यांनी चहा पिऊन, हळहळून, आपापला अ‍ॅम्प घरच्या कोपऱ्यात चादरीखाली ठेवल्याचं सांगितलं. कानसेन बायकोला म्हणायचा, "कानामागून आली आणि तिखट झाली. माझा धंदा त्या डब्याने खाल्ला." आणि खरं सांगायचं तर ह्यात त्याला थोडा आधारही होता. जमाना बदलला म्हणून माणसाचं काम गेलं तर माणूस दुःखी होतो, पण ताठ राहतो. आपण खोटे पडलो नाही, जग घसरलं, असं म्हणत त्याला चार लोकांत बसता येतं.

उरलेल्यांचं काम तो जास्तच मन लावून करायचा. हल्लीचे व्हॉल्व्ह मुळातच मंद येतात, असं त्याचं मत झालं होतं. आवाजावर धूळ बसल्यासारखी वाटायची. मग तो आतला एखादा कपॅसिटर बदलायचा, एखादा जास्तीचा डागायचा, आणि आवाजाची वरची धार परत यायची. ह्याला तो 'पुसणं' म्हणायचा. "बघ आता, काच पुसल्यासारखा झाला की नाही?" गिऱ्हाईक तीन-चार सूर वाजवायचं, त्याच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "छान." मग पुन्हा यायचं नाही.

घरी त्याची बायको फ्रिजवरून भांडायची. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो किंचाळतो, आणि दार नेमकं कानसेनच्या हातूनच उघडं राहायचं. "अहो, केव्हाचा ओरडतोय. तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय."

"असल्या पिपाण्यांकडे मी लक्ष देत नाही," तो म्हणायचा. त्याला खरंच वाटायचं की आपण लक्ष देत नाही.

एका शनिवारी दुपारी खिडकीत लांब्याचे बूट दिसले. लांब्या हॉटेलांत आणि लग्नांत गिटार वाजवायचा. इतकी वर्षं येत होता, तरी दुकानाच्या चौकटीवर दर वेळी डोकं आपटायचा. त्याच्या लग्नाच्या वर्षी कानसेनने स्वतःच्या हाताने त्याला एक अ‍ॅम्प बांधून दिला होता. दुसऱ्याचे अ‍ॅम्प त्याने शेकड्यांनी दुरुस्त केले, पण आपला म्हणावा असा हा एकच. तो आता पुसून तयार होऊन टेबलाशेजारी उभा होता. कानसेनची मुलगीही तिथेच होती. ती रेडिओच्या जाहिरातींचं रेकॉर्डिंग करायची आणि शनिवारी अर्धा दिवस सुटली की बापाचं जेवण घेऊन यायची.

"महिना झाला तयार होऊन," कानसेन म्हणाला. "घेऊन जा बाबा, जागा अडवून बसलाय."

लांब्या चहा ढवळत होता. तो बिनसाखरेचा चहा प्यायचा. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "तुझ्याकडेच राहू दे त्याला."

"म्हणजे?"

"पाठ रे. आता उचलवत नाही."

"तुझी पाठ तुझ्या लग्नाच्या आधीपासून दुखतेय. खरं बोल. डबा घेतलास ना?"

लांब्याने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. चोरीचा माल काढून ठेवावा तसा. "घेतला. पण ह्यात मी दुसऱ्या कुणाचा आवाज ठेवलेला नाही. हाच आहे. आपला. बऱ्याच वर्षांपूर्वी भरून घेतला होता, सहज."

कानसेन हसला, पण त्याला लागलं होतं. दुसऱ्यांच्या अ‍ॅम्पांपुढे डबा जिंकला तर जिंको. पण आपल्याच हाताने बांधलेला अ‍ॅम्प इथे जिवंत उभा असताना त्याची जुनी नक्कल घेऊन फिरायचं? "मग लाव," तो म्हणाला. "आत्ताच लाव. हा शेजारी आणि तो शेजारी. तुझा डबा बरा वाटला तर हे टेबल मी आवरून टाकतो. कायमचं."

"बाबा, राहू द्या ना," मुलगी म्हणाली. "जेवण गार होतंय."

"होऊ दे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिथे दोघांना माहीत होतं काय होणार ते, आणि ज्याला माहीत नव्हतं तोच वायरी जोडत होता.

लांब्याने दुकानातली गिटार घेऊन आधी डब्यातून वाजवलं. कानसेनला तो आवाज कुणीतरी तोंडावर गोधडी घेऊन बोलतंय असा वाटला. त्याला मनातून बरं वाटलं. मग लांब्याने वायर अ‍ॅम्पमध्ये घातली, आणि खोलीत खरा उजेड पडला. प्रत्येक सूर सुटा, लख्ख. "हां," कानसेन म्हणाला, "ह्याला म्हणतात आवाज," आणि मान वळवली.

लांब्या मध्येच थांबला होता. त्याचा तळहात तारांवर दाबलेला होता. आणि मुलीचं एक बोट कानात होतं. बापाने बघताच तिने केस मागे सारल्यासारखं केलं.

"काय झालं?"

"छान आहे," लांब्या म्हणाला.

"तुला नाही विचारलं. तिला विचारलं."

मुलीने बॅगेतून लॅपटॉप काढला आणि एक बारीक माईक स्पीकरसमोर धरला. लांब्याला तिने दोन्हींतून तेच सूर वाजवायला लावले. स्क्रीनवर दोन रेषा उमटल्या. डावीकडून दोघी हातात हात घालून चालत होत्या. उजवीकडे, जिथे बारीक, उंच आवाज असतात, तिथे एक उतरणीला लागली आणि दुसरी शिडी लावल्यासारखी वर चढत गेली.

"ही वाकडी चढलेली डब्याची असणार," कानसेन म्हणाला.

"नाही बाबा. ही आपल्या अ‍ॅम्पची."

"मग तुझा माईक खराब आहे."

परक्या यंत्राच्या चित्रावर त्याचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. त्याने फळीवरून स्वतःचा जुना जनरेटर काढला. गोल डायल फिरवली की हा एकच सूर काढत काढत खालून वर नेतो. तो त्याने अ‍ॅम्पला जोडला, स्कोप चालू केला आणि डायल फिरवायला लागला. सूर चढला, बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि संपला. स्कोपवरची हिरवी रेषा मात्र थरथरतच होती.

कानसेनला हायसं वाटलं. "बघ. स्पीकर गेलाय ह्याचा. म्हणून तुम्हाला कसंतरी वाटतंय."

आधी वायर बघायची, हा त्याचा आयुष्यभराचा नियम होता. त्याने वायर बदलली. आवाज नाही. टेबलाखालचा दुसरा स्पीकर ओढून तो जोडला. आवाज नाही. रेषा थरथरतेय आणि आवाज नाही, असं कसं होईल? त्याने अ‍ॅम्पचं आवाजाचं बटण आणखी वर नेलं आणि स्क्रू ड्रायव्हर मागायला मागे वळला.

लांब्या दोन्ही कानांवर हात दाबून वाकला होता. मुलीने डोळे घट्ट मिटले होते. पलीकडून लाँड्रीवाला भिंतीवर दणादण मुठी मारत होता. त्या मुठी कानसेनला नीट ऐकू आल्या.

"बाबा, बंद करा," मुलगी म्हणाली. "बंद करा ना."

त्या मुठी सोडल्या तर कानसेनला ती खोली सुट्टीच्या दिवशी असते तशी शांत होती. त्याने डायल मागे फिरवली. आवाज कधी थांबला ते त्याला त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

मग तो स्टुलावर बसला. जेवणाचा डबा तसाच बांधलेला होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"झाली असतील पाच-सहा वर्षं," लांब्या म्हणाला. "आधी थोडंच होतं."

"तो चौथ्या मजल्यावर गेलेला? आणि तो शेजाऱ्यांवाला?"

लांब्याने मान खाली घातली. "काही जण खरंच डब्यापायी गेले रे," तो म्हणाला. चांगला माणूस होता, म्हणून म्हणाला.

"आणि तू? तू तर माझ्या तोंडावर बोलू शकत होतास."

"काय बोलणार? आवाज टोचतो का नाही हे आम्ही तुझ्याकडून शिकलो. सोनाराने कान टोचलेले बरे म्हणतात. आमच्यात सोनार तूच होतास."

कानसेनने मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "मी एकदा म्हणाले होते तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, दिवसभर हेडफोन लावून तुझेच कान गेलेत."

त्याला ते आठवलं. तेव्हा तो स्वतःच्या विनोदावर हसलाही होता.

त्याला दुःख झालं, पण त्याहून जास्त लाज वाटली. इतकी वर्षं ह्या टेबलावरून गेलेला एकेक अ‍ॅम्प त्याला दिसायला लागला. त्याला कमी ऐकू येत गेलं तसतसा तो प्रत्येकात जास्त डागत गेला होता. आपलं बहिरेपण त्याने लोकांच्या घरोघरी पोचवलं होतं आणि ते लोक त्याचा चहा पिऊन, छान म्हणून, त्यावर चादर घालून गप्प बसले होते. ज्या डब्याला तो इतकी वर्षं शिव्या देत होता त्याने त्याचं काहीच खाल्लं नव्हतं.

निघताना लांब्याने डबा उचलला नाही. "ठेव थोडे दिवस," तो दारात म्हणाला. "ह्यातला आवाज तू लावलेला आहेस. तेव्हाचा तू." मग त्याने चौकटीवर डोकं आपटलं, आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर कानसेनने बूटही न काढता फ्रिजचं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. बायको हात पुसत आली.

"ओरडतोय का?" त्याने विचारलं.

"मग काय गातोय?"

त्याने दार लावलं. "आता?"

"आता थांबला." ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली, ती कुठे ठेवायची हे न सुचून हातातच धरून ठेवली. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तुम्ही माझंच ऐकत नाही."

रविवारी तो दुकान उघडत नसे, त्या रविवारी उघडलं. टेबल आवरायचा शब्द त्याने दिला होता आणि तो पाळणारही होता. पण हा एक अ‍ॅम्प असा सोडून जाणं त्याला शक्य नव्हतं. मुलगी बरोबर आली. बोलावलं नव्हतं, तरी आली.

झाकण काढल्यावर आतलं सगळं त्याला ओळखीचं होतं. आपलाच डाग, आपलीच वळवलेली वायर. मागून घातलेले कपॅसिटर कुठले तेही लगेच दिसलं. पहिला काढला. मुलीने गिटार घेऊन तेच तीन सूर वाजवले. ती बापापेक्षा बरं वाजवायची. स्क्रीनवर चढलेली रेषा जराशी खाली आली. कानसेनला आवाजावर पातळ फडकं पडल्यासारखं झालं. दुसरा काढला. रेषा आणखी उतरली, फडकं जाड झालं. तिसऱ्याच्या जागी त्याने मूळचा, लहान कपॅसिटर डागला. हात अजून स्थिर होते. हाताला काही झालेलं नव्हतं.

शेवटी दोन्ही रेषा शेवटपर्यंत एकीवर एक बसल्या. कानसेनला अ‍ॅम्प आता कालच्या डब्यासारखाच ऐकू येत होता. तोंडावर गोधडी घेतलेला. स्वतःच्या हाताने त्याने ती गोधडी पांघरली होती आणि काम बरोबर झालं होतं.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"छान," मुलगी म्हणाली. "रेषा बघा ना, जुळल्या."

"रेषा नको. तू सांग. आधी कसा होता?"

"टोचायचा."

"तेव्हाही तू छानच म्हणायचीस."

"हो."

"आणि आता?"

"आता खरंच छान आहे, बाबा."

"नुसतं छान म्हण. पुन्हा."

कानसेनने मान तिरकी केली आणि डोळे मिटले, पेन्सिलीने व्हॉल्व्ह ठोकून बघताना मिटायचा तसे. मुलगी म्हणाली, "छान." तो शब्द त्याने नीट ऐकला, आणि इतकी वर्षं ऐकलेला तो जुना 'छान' आठवून त्याच्या शेजारी ठेवला. पुन्हा पुन्हा ठेवून पाहिला. त्याला दोन्हींत काही फरक सापडला नाही.